डोंबिवलीतला संध्याकाळचा स्पोकन इंग्लिश क्लास : ‘ड्रीम हाऊस’चे तास एकदम पैसा वसूल

पाचपैकी चार स्टार देतेय. पाचवा का कापला ते खाली सविस्तर लिहिलंय. क्लासचं नाव टाकत नाहीये, कारण तक्रारीपण लिहिणारे आणि उगाच कोणाच्या पोटावर पाय नको, शिवाय मला जे सांगायचंय ते एका क्लासपुरतं नाहीच आहे, तुम्ही ठाण्यात बघा नाहीतर नाशिकला बघा, इंग्लिश बोलायचा क्लास लावताना नक्की काय बघून पैसे भरायचे ते यातून कळलं तरी पुष्कळ झालं.

आधी माहिती देते. मोठ्या माणसांची बॅच, संध्याकाळी पावणेआठची, आठवड्यातून चार दिवस, दीड दीड तास, तीन महिने, फी ७,५०० रुपये. वेळ अशी ठेवलीय की ऑफिसवाले लोकलमधून उतरून भाजी घेऊनसुद्धा पोचतात, हे मला फार आवडलं. बॅचमध्ये सगळे कामधंद्याचे लोक. मी ठाण्याला एका एक्सपोर्टवाल्यांकडे अकाउंट्समध्ये आहे, मेल व्यवस्थित लिहिते, इन्व्हॉइसवरचं सगळं कळतं, पण बाहेरच्या पार्टीचा कॉल आला की घशातून आवाजच फुटायचा नाही. बाकी एक नर्स आहे जिला इंग्लंडला जायचंय, रत्नागिरीकडच्या एक काकू आहेत ज्यांची नात परदेशात वाढतेय आणि व्हिडिओ कॉलवर तिच्याशी बोलायचंय, लातूरकडचा एक मुलगा आहे जो एमआयडीसीत सुपरवायझर आहे, बँकेतले एक काका आहेत रिटायर व्हायला आलेले, असे मिळून सगळे.

पहिल्या महिन्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ओळख करून देणं, रस्ता सांगणं, दुकानात बोलणं, फोनवर तक्रार करणं, हे सगळीकडे शिकवतात तसंच इथे पण. ठीक आहे, होतो फायदा. मग घराचा धडा आला आणि क्लासचा रंगच बदलला.

पुस्तक म्हणजे कुठल्यातरी परदेशी पुस्तकाची झेरॉक्स काढून स्पायरल मारलेली. त्यात डिटॅच्ड हाऊस, सेमी-डिटॅच्ड हाऊस, आत फायरप्लेस, वर ॲटिक, खाली बेसमेंट, पुढे गाडीसाठी ड्राइव्हवे, अशी चित्रं. मॅडमनी विचारलं तुमचं ड्रीम हाऊस कसं आहे, तर सगळ्यांनी ओळीनं एकच उत्तर दिलं. माय ड्रीम हाऊस इज व्हेरी बिग, इट हॅज गार्डन, इट हॅज स्विमिंग पूल, थँक यू. प्रत्येकाचं बोलणं अर्ध्या मिनिटात संपलं, कारण त्या घरात राहायची आमच्यापैकी कोणाचीच खरी इच्छा नव्हती, ते टीव्हीवरचं घर होतं. मला तेव्हाच वाटलं की बोलता न येण्याचं निम्मं कारण आपलं इंग्लिश नसतंच मुळी, आपल्याला बोलण्यासारखं काही दिलेलंच नसतं. शाळेत पण तेच झालं ना, माय ड्रीम हाऊसवर निबंध पाठ करून लिहिला, मार्क मिळाले, तोंड बंद ते बंदच.

मॅडमनी पुस्तक मिटायला लावलं आणि प्रत्येकाला कोरा कागद दिला. ज्या घरात लहानाचे मोठे झालात त्या घराचा नकाशा काढा, कोणाला दाखवू नका. मग जोड्या लावल्या, एकमेकांकडे पाठ करून बसायचं, एकानं आपलं घर इंग्लिशमध्ये सांगायचं आणि दुसऱ्यानं नुसतं ऐकून ते काढायचं, शेवटी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघायचं. माझ्या जोडीला रत्नागिरीच्या काकू होत्या.

माझं घर म्हणजे गिरगावातली चाळ. दुसरा मजला, एकच खोली, दारासमोर कॉमन गॅलरी, दारामागे मोरी, वर पोटमाळा जिथे बाबा झोपायचे, आणि संडास गॅलरीच्या टोकाला. मी सुरुवात केली, ‘इन माय हाऊस वन रूम इज देअर.’ मॅडम मागून जाता जाता हळूच ‘देअर इज वन रूम’ म्हणाल्या आणि पुढे गेल्या, मला थांबवलं नाही, चेहरा वाकडा केला नाही. काकू विचारायला लागल्या, ‘मोरी व्हेअर? लेफ्ट, राइट?’ मग मला सांगावंच लागलं, ‘ऑन द लेफ्ट, बिहाइंड द डोअर.’ मी नुसतं ‘ॲट द एंड’ म्हटलं तर काकू संडास खोलीतच काढायला लागल्या, तेव्हा ‘नो नो काकू, आऊटसाइड, ॲट द एंड ऑफ द गॅलरी, फॉर ऑल फॅमिलीज.’ ऑन, इन, ॲट, बिहाइंड, अबव्ह यांचा तक्ता आपण सगळ्यांनी शाळेत घोकलेला असतो, पण समोरचा माणूस आपल्या घराचा संडास चुकीच्या जागी काढतोय म्हटल्यावर ते शब्द आपोआप बाहेर येतात. तिथून पुढे मला ॲट आणि इनमध्ये अडखळायला झालेलं नाही.

मग काकूंचं घर. अंगण, मग पडवी, मग ओटी, मग माजघर, उजव्या हाताला देवघर, मागे स्वैपाकघर, मागच्या दारी विहीर आणि न्हाणीघर. काकूंना वाक्यं पूर्ण जमत नव्हती पण त्या मला हाताला धरून नेल्यासारख्या घरातून घेऊन गेल्या. ‘कम इन. रिमूव्ह चप्पल. टर्न राइट. नाऊ डोन्ट हिट हेड, डोअर इज स्मॉल.’ मी ते दार लहान काढलं. भिंती कशाच्या विचारल्यावर म्हणाल्या रेड स्टोन, म्हणजे चिरा, आणि पुढे स्वतःहून सांगितलं, ‘स्टोन इज सॉफ्ट इन ग्राउंड. वी कट. देन एअर, सन, इट बिकम हार्ड.’ जांभा दगड खरंच असाच असतो, खाणीत कापताना मऊ आणि हवा लागली की कडक होत जातो, म्हणून तर कोकणात तो विटेसारखा तासून बांधकामाला वापरतात. पण हे इंग्लिशमध्ये सांगणं, तेही ज्या बाई आदल्या आठवड्यात ‘हाऊ आर यू’ला नुसती मान हलवायच्या त्यांनी, हे मी डोळ्यांनी बघितलं. मॅडमनी फक्त एवढंच सांगितलं होतं की एखाद्या गोष्टीला इंग्लिश नाव सापडलं नाही तर अडून बसू नका, ‘अ प्लेस व्हेअर वी...’, ‘अ रूम दॅट...’ असं सुरू करा आणि तिथे काय करता ते सांगा. माजघर असं सांगितलं गेलं, मोरी अशी सांगितली गेली, पोटमाळा पण. कामाचं आहे हे फार, कॉलवर मी रोज वापरते आता.

पुढच्या तासाला त्याच कागदांवरून ड्रीम हाऊसकडे गेलो. इथे व्याकरण आलं आणि इथे मला मॅडमचं शिकवणं खरंच वेगळं वाटलं. ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ हाऊस.’ हे सेकंड कंडिशनल आहे, फॉर्म्युला आपण सगळ्यांनी पाठ केलाय, पण आत्ताच्या पैशांबद्दल बोलताना भूतकाळातलं ‘हॅड’ का येतं ते मला शाळेत कोणी सांगितलेलं आठवत नाही. मॅडमनी फळ्यावर मराठीत लिहिलं, ‘माझ्याकडे पैसे असते तर मी घर घेतलं असतं.’ बघा, ‘आहेत’ नाही म्हणत आपण, ‘असते’ म्हणतो, कारण ते नाहीयेत. जे खरं नाही ते सांगताना मराठीत क्रियापदाचं रूप बदलतं, इंग्लिशमध्ये पण बदलतं, ते भूतकाळाचं रूप उसनं घेतात एवढंच. आणि मग त्यांनी आपण मराठी लोक नेमके कुठे अडकतो ते दाखवलं. मराठीतलं हेच एक वाक्य आत्ताबद्दल पण चालतं आणि दहा वर्षांपूर्वीबद्दल पण चालतं, इंग्लिशमध्ये मात्र दोन वेगळी वाक्यं लागतात. आत्ताचं असेल तर ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बाय’, आणि ती वेळ होऊन गेली असेल तर ‘इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट.’ दोन हॅड एकापुढे एक आले की माणूस बिचकतो, पण आपलंच वाक्य समोर ठेवून समजावल्यावर कळतं की यात घाबरण्यासारखं काही नाही.

आणि मग वाक्यांचा पूर आला, कारण ‘तेव्हा घेतलं असतं तर’ हे वाक्य ज्या घरात बोललं जात नाही असं घर डोंबिवलीत तरी मला माहीत नाही. बँकेतले काका उभे राहिले, ‘इफ आय हॅड टेकन द फ्लॅट इन ठाकुर्ली, आय वुड हॅव फिनिश्ड माय लोन बाय नाऊ.’ एकदम बरोबर, एका दमात. मग नर्स, मग मी, मग काकू. कोणी नवऱ्याचं सांगितलं, कोणी सासऱ्यांनी विकलेली जागा सांगितली. एरवी ज्या वाक्यरचनेला लोक महिना महिना चाचपडतात ती त्या संध्याकाळी सगळ्यांच्या तोंडात बसली, कारण प्रत्येकाकडे त्या वाक्यात घालायला स्वतःचं काहीतरी होतं.

प्रेफर आणि रादरचा तास पण चांगला झाला. प्रेफर असेल तर पुढे ‘टू’ येतं, ‘दॅन’ नाही, आणि वुड रादर असेल तर ‘दॅन’ येतं, हे आपल्याकडे सर्रास उलटसुलट होतं. त्यावर मॅडमनी वाद लावला, चाळ बरी की टॉवर. माझ्या बाजूला बसणाऱ्या मुलीचं माहेर वरळीच्या बीडीडी चाळीतलं. या चाळी १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधल्या, खोली १६० चौरस फुटांची, आणि आता रिडेव्हलपमेंटमध्ये ५०० चौरस फुटांचा फ्लॅट मिळतोय, वरळीत २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या. हिच्या आईला त्यातलंच घर मिळालंय. ती म्हणाली आई नवीन घरावर खूश आहे, स्वतःचं बाथरूम आहे, लिफ्ट आहे, आईचे गुडघे दुखतात, पण ‘शी प्रेफर्स द ओल्ड डोअर टू द न्यू डोअर. ओल्ड डोअर वॉज ओपन ऑल डे.’ यावर टॉवरवाल्या बाजूचे काका म्हणाले ‘आय वुड रादर हॅव अ क्लोज्ड डोअर अँड माय ओन टॉयलेट’, आणि खरं सांगायचं तर चाळीत वाढलेली असून मीपण त्यांच्याच बाजूची. चाळीतल्या माणुसकीबद्दल सगळे बोलतात, पण पावसाळ्यात रात्री गॅलरीच्या टोकापर्यंत छत्री घेऊन संडासला जाणाऱ्या बायकांना विचारा. हे सगळं मी तिथे इंग्लिशमध्ये बोलले, तुटक बोलले पण बोलले, आणि कोणी हसलं नाही.

आता लातूरच्या मुलाबद्दल. तो पहिल्या दिवसापासून शेवटच्या बाकावर, विचारलं तरच बोलायचा. त्याचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, पहाटे चारच्या सुमाराला, गणपती बोळवून लोक झोपलेले, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. हा त्यानंतर जन्मलेला, जुनं गाव त्यानं पाहिलेलंच नाही, पुनर्वसनाच्या नव्या गावात वाढला. मॅडमनी विचारलं युवर ड्रीम हाऊस, तर म्हणाला, ‘माय ड्रीम हाऊस इज लेस वेट.’ कोणाला कळलं नाही. मग त्यानं हळूहळू सांगितलं. जुनी घरं दगडाची, मातीत रचलेल्या जाड जाड भिंती, वर माळवद, म्हणजे लाकडांवर मातीचा जाड थर, उन्हाळ्यात आत गारवा असायचा पण जमीन हलली तेव्हा ते सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. ‘वॉल्स वेअर टू फीट. रूफ वॉज मड. ऑल फेल डाऊन. माय ग्रँडमदर डू नॉट स्लीप अंडर स्लॅब. गव्हर्मेंट हाऊस इज देअर, स्ट्राँग, बट शी स्लीप आऊटसाइड, इन पत्रा शेड.’ वर्गात एकदम शांतता. मॅडमनी अगदी साध्या शब्दांत विचारलं, ‘अँड यू? व्हेअर डू यू स्लीप व्हेन यू गो होम?’ तो म्हणाला, ‘विथ ग्रँडमदर.’

मग तो बराच वेळ बोलला. नव्या गावात रस्ते रुंद आहेत, घरं सरळ रेषेत पण लांब लांब, आजी म्हणते जुन्या गल्लीत दारात बसलं तरी चार घरच्या बायका दिसायच्या, आता कोणी दिसत नाही. आणि शेवटी, ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बिल्ड टू हाऊसेस, वन फॉर अस, वन फॉर माय अंकल, फेस टू फेस, विथ लाइट रूफ, अँड वन अंगण इन सेंटर.’ कंडिशनल बरोबर आलं, कोणी मुद्दाम काढून घेतलं नाही.

इथे मॅडमचं एक वागणं मला मुद्दाम सांगायचंय कारण क्लास चांगला की वाईट ते यावरच ठरतं. त्याच्या बोलण्यात व्याकरणाच्या चुका होत्याच, पण त्याला मध्ये एकदाही तोडलं नाही. मॅडम वहीत काहीतरी टिपत होत्या. तास संपायला दहा मिनिटं असताना त्यांनी दिवसभरातली सगळ्यांची मिळून काही चुकलेली वाक्यं फळ्यावर लिहिली, कोणाचं कुठलं ते न सांगता, आणि सगळ्यांनी मिळून दुरुस्त केली. डू नॉट स्लीपचं डझन्ट स्लीप झालं, माझं इज देअरवालं वाक्य पण तिथे होतं, आणि त्या मुलाला मान खाली घालावी लागली नाही. बोलताना टोकायचं नाही, पण चूक सोडायची पण नाही, हे जमणारे शिक्षक फार कमी बघितलेत मी.

शनिवारी सांगितलं की स्टेशनबाहेर बिल्डरची जी पत्रकं वाटतात ती गोळा करून आणा. हा तास सगळ्या क्लासनी उचलावा असं माझं स्पष्ट मत आहे. अशी पत्रकं आपण वाचतच नाही, नुसता आकडा बघतो. त्यात इंग्लिशचा खजिना असतो, पॉडियम पार्किंग, सनडेक, अनऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘आर्टिस्ट्स इम्प्रेशन’, म्हणजे चित्रातली झाडं, पाणी, मोकळं आकाश हे चित्रकारानं काढलेलं आहे, तसंच मिळेल असं नाही. ‘स्टार्टिंग फ्रॉम’चा अर्थ त्या किमतीत सगळ्यात लहान, बहुधा सगळ्यात खालचा फ्लॅट. मग रोल प्ले. बँकेतले काका एजंट, मी गिऱ्हाईक. प्रश्न आधी फळ्यावर तयार करून घेतले, व्हॉट इज द कार्पेट एरिया, इज पार्किंग इन्क्लूडेड, व्हेन विल वी गेट पझेशन, हॅव यू रिसीव्ह्ड द ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला.

काका एजंट म्हणून भारीच होते, सुपर बिल्टअपच, म्हणजे जिना-लिफ्ट-लॉबीचा वाटा धरून वाढवलेलं क्षेत्रफळच सांगत राहिले, मी सोडलं नाही. २०१६ च्या रेरा या घरखरेदीच्या कायद्यात कार्पेटची व्याख्याच दिलेली आहे, आतली वापरायची जागा आणि आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी, उघडी गच्ची धरायची नाही, आणि बिल्डरला कार्पेटवरच व्यवहार सांगावा लागतो. आणि जाहिरातीत महारेराचा, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाचा नंबर लागतोच, २०२३ च्या ऑगस्टपासून क्यूआर कोडपण लागतो. काकांनीच नंतर सगळ्यांना मोबाईलवर कोड स्कॅन करून दाखवला, प्रोजेक्टची तारीख किती वेळा पुढे ढकललीय ते त्यात दिसतं. मी म्हटलं, ‘अकॉर्डिंग टू महारेरा, युवर पझेशन डेट हॅज ऑलरेडी चेंज्ड.’ काका म्हणाले, ‘मॅडम, व्हॉट विल यू हॅव, टी ऑर कॉफी?’ आणि वर्ग टाळ्या वाजवायला लागला. बाईच्या नावावर घर घेतलं की आपल्याकडे मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते हेही त्याच तासात दोघींना पहिल्यांदा कळलं. म्हणजे इंग्लिश शिकता शिकता घर घ्यायचं पण शिकलो.

नर्सला वेगळं लागत होतं तर तिच्यासाठी मॅडमनी इंग्लंडमधल्या भाड्याच्या घराचा रोल प्ले घेतला. इज इट फर्निश्ड, आर द बिल्स इन्क्लूडेड, हाऊ फार इज द हॉस्पिटल. इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्यानं साधारण भाड्याच्या घराला डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, इथे आपण सहा सहा महिन्यांचं देतो, त्यामुळे तिला ऐकूनच बरं वाटलं. तिची आयईएलटीएस, म्हणजे परदेशी जायला लागणारी इंग्लिशची परीक्षा पण आहे, त्यात स्पीकिंगच्या दुसऱ्या भागात एक कार्ड देतात, तयारीला एक मिनिट आणि मग एक ते दोन मिनिटं एकटीनं बोलायचं, आणि राहायला आवडेल अशा घराबद्दल बोला हा त्यातला नेहमी येणारा विषय. पाठ केलेलं उत्तर परीक्षकाला लगेच कळतं. मॅडमनी तिला स्विमिंग पूल काढून टाकायला लावला आणि नाइट ड्यूटी करणाऱ्या बाईला घर कसं हवं ते सांगायला लावलं. जाड पडदे, दिवसा शांत राहणारी गल्ली, हॉस्पिटलला चालत जाता येईल एवढं अंतर, मोठं फ्रीज. दोन मिनिटं तिला कमी पडली.

माझा स्वतःचा फायदा सांगते. आमची नेदरलँड्सची एक पार्टी आहे, तिकडची बाई कॉलवर पेमेंटचं बोलून झाल्यावर म्हणाली पुढचा आठवडा सुट्टीवर आहे, घर बदलतेय. एरवी मी ओके ओके करून ठेवलं असतं. या वेळी विचारलं, नवीन घर कसं आहे, जुन्यापेक्षा मोठं का, ऑफिसपासून लांब का. तिनं मला कालव्याकाठचं घर, अरुंद उभा जिना, फर्निचर खिडकीतून दोरानं वर कसं घेतात, सगळं सांगितलं. सगळं कळलं मला. साहेब बाजूच्या टेबलावरून बघत होते.

आता एक स्टार का कापला.

बॅच बारा जणांची सांगून पंधरा-सोळा भरतात, खोली लहान, एका बाजूला पंखा पोचतच नाही. ती झेरॉक्सची स्पायरल फीच्या बाहेर, ३५० रुपये वेगळे, आणि त्यातली निम्मी पानं आम्ही उघडलीसुद्धा नाहीत, मॅडमचे स्वतःचे कागद दहापट चांगले होते, तेच छापून द्या की. शेवटी मिळणाऱ्या ‘इंटरनॅशनल सर्टिफिकेट’ची जाहिरात फार करतात, ते कुठल्या नोकरीला चालतं हे विचारलं तर नीट उत्तर नाही. उच्चारांवर फार कमी वेळ दिला, विंडो, वॉल, विला, व्हरांडा या सगळ्यांत आपला व एकच असतो, इंग्लिशमध्ये दोन आहेत, घराच्याच धड्यात हे सहज घेता आलं असतं.

आणि मोठी तक्रार. मध्ये मॅडम नव्हत्या तेव्हा बदली सर आले. त्यांचा नियम, मराठी शब्द तोंडातून आला की पाच रुपये दंड, डब्यात टाका. काकूंनी ओटी म्हटलं, पाच रुपये. परत अंगण म्हटलं, परत पाच. काकूंनी पर्स बंद केली आणि तो अख्खा आठवडा त्या बोलल्या नाहीत. मी ऑफिसमध्ये जाऊन सांगितलं तर काउंटरवरच्या मुलीनं हीच आमची मेथड म्हणून सांगितलं. मेथड कसली, अशानं ज्या लोकांना गरज आहे तेच गप्प होतात, आणि आधीच फडाफड बोलणारे दोघं-तिघं तास खाऊन टाकतात. मॅडम परत आल्यावर डबा गेला, काकूपण परत बोलायला लागल्या, पण म्हणजे क्लास चांगला आहे तो एका बाईंमुळे, क्लासच्या मालकाला ते कळलेलं नाही, आणि तुमच्या बॅचला कोण येईल याची खात्री कोणी देत नाही.

म्हणून कुठेही क्लास लावा, डेमो लेक्चरला जाल तेव्हा तीन गोष्टी बघा. एक, शिकवणारा कोण ते नाव लिहून घ्या आणि डेमो घेणारेच पुढे शिकवणार का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी डेमोला एक आणि बॅचला दुसराच असतो. दोन, कोणी चुकल्यावर शिकवणारा काय करतो ते बघा, मध्येच तोडतो, हसतो, की थांबून ऐकतो. तीन, तास संपला की आपण स्वतः किती मिनिटं बोललो ते आठवा, शिक्षकानं किती छान भाषण दिलं त्याला काही अर्थ नाही. ज्यांना व्याकरण पूर्ण येतं आणि नुसता सराव हवाय त्यांना हा क्लास हळू वाटेल, त्यांनी पैसे घालवू नका. ज्यांना वाचता येतं, लिहिता येतं, पण बोलता येत नाही त्यांनी जरूर जावं.

मी पुढच्या लेव्हलला नाव घातलंय, त्याच मॅडम असतील तरच या अटीवर, आणि काउंटरवर तसं पावतीच्या मागे लिहून घेतलंय. फी दोन हप्त्यांत पण घेतात, स्वतःहून सांगत नाहीत, विचारा.